मवाळ तेलाची बाटली

करंगळी तेलात बुडवली, खालच्या ओठाला लावली आणि मी अशी काही दचकले की कोपर लागून नरसाळं खाली गेलं. ओठाला निखारा लावावा तसं झालं. थुंकले, एप्रनने ओठ खसाखसा पुसला, तरी आग जाईना. हे आमच्या वरच्या शेतातल्या थाइमचं तेल? छे! पुन्हा वास घेतला. भट्टीपाशी उभं राहून माझं नाक पार बधिर झालेलं असतं, तरी एवढं कळलं, की ओव्याचं पोतं फोडल्यासारखा उग्र भपकारा होता तो. आणि ह्याच डब्यातली पहिली बाटली ताईने सकाळी एका तान्ह्या पोरीसाठी देऊन टाकली होती.

आमच्या डोंगरात थाइम दोन जातींचं. दिसायला काडीचा फरक नाही, तीच बारीक राखाडी पानं, तीच गुलाबी फुलं. खालच्या तापलेल्या दगडी उतारावर वाढतं ते जहाल. त्यात थायमॉल असतं, ओव्यात असतं तेच. मेंढ्यांचे कुजलेले खूर बरे करायला त्यासारखं औषध नाही, म्हाताऱ्यांचा जुना कफही त्याच्या वाफेने सुटतो. पण नुसतं तेल कातडीवर पडलं तर भाजून काढतं. वर, थंडीत, आमच्या शेतात होतं ते मवाळ. त्यात लिनालूल. वास लव्हेंडरच्या जवळचा आणि कातडीला अगदी लोणी. पोरांना खोकला झाला की गोड्या तेलात थेंब टाकून छातीला चोळतात ते हे. जहाल तेल तान्ह्या बाळाच्या नाकाशी गेलं तर घसा आवळतो, श्वास अडकतो. खालच्या गावात असं एक मूल गेलं होतं, आणि आमची आई त्या घराजवळून जाताना बोलणं थांबवायची.

आईचीच प्रथा, की वर्षाच्या पहिल्या मवाळ तेलाची पहिली बाटली दरीतल्या सगळ्यात धाकट्या बाळाच्या घरी फुकट द्यायची. यंदाचं धाकटं बाळ म्हणजे मेंढपाळ इलेर आणि त्याची बायको सिबिल यांची झोए. सकाळी कळप डोंगरावर निघाला तेव्हा सिबिल आमच्या दारात थांबली होती. पोरीला खोकला होता. "संध्याकाळी दूध पाजून झोपवताना लावते, मावशी," म्हणाली होती.

"ताई!" मी ओरडले. "ए फेरनांदताई! आधी इकडे ये!"

ताई शेडमध्ये जुड्या बांधत होती. आली ती कपाळाला आठ्या घालूनच. "काय झालं? पेटली का भट्टी?"

"जीभ लाव याला."

"लावली की काल. तोटीतून पहिली धार आली तेव्हाच लावली, आई लावायची तशी. लोणी होतं लोणी."

"काल पहिल्या धारेला लावलीस. आता डब्यातल्याला लाव."

"तुझं तोंडच तिखट, ओनो, त्याला कोणतंही तेल काय करणार?" असं म्हणत तिने बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. डोळे भरून आले तिचे, पण तोंड वाकडं केलं नाही. अशी हट्टी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

"भट्टी नीट धुतली नसशील तू," ती शेवटी म्हणाली. "आधीच्या जहाल घाण्याचा अंश राहिला असेल."

"नुसती वाफ सोडून धुतली, नळीसुद्धा! माझ्यावर ढकलू नकोस."

"मग?"

मग काय, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. पण पहिल्या धारेचं गणित उलगडलं. वाफेबरोबर हलकं ते आधी येतं, जड ते मागून. लिनालूल हलकं, थायमॉल जड. निव्वळ मवाळ झाडं हंड्यात असली तर पहिली धार काय नि शेवटची काय, चव तीच. आईचं म्हणून निभावलं. पण हंड्यात जहाल झाडं मिसळली असतील तर पहिली धार खुशाल गोड लागेल आणि सगळा जाळ मागून डब्यात उतरेल. हंड्यात जहाल झाडं आली कुठून, हा प्रश्न राहिला, पण त्याला वेळ नव्हता.

"सिबिलला फोन लाव," मी म्हणाले.

ताई आधीच लावत होती. लागेना. इलेरचाही लागेना. डोंगरावरच्या झोपडीपाशी रेंज कुठली? मदतीच्या नंबरावर फोन केला. तिथली बाई शांतपणे म्हणाली, की रुग्णवाहिका शहरातून निघेल, तिला तुमच्या घाटाच्या पायथ्याशी यायलाच वेळ लागेल, तुम्ही जवळ आहात, तुम्ही वर जा आणि बाळाला खाली घेऊन या. मी व्हॅनच्या किल्ल्या घेतल्या. उन्हं अजून वर होती. संध्याकाळ व्हायच्या आत पोचायचं होतं, बस.

ताई शेजारी येऊन बसली. मांडीवर पिशवी, आत घाईने टाकलेली दुपारच्या जेवणाची ऑलिव्ह तेलाची बाटली आणि फडकी. मी गाडी अशी काही हाणली की पहिल्याच वळणावर तिचं डोकं काचेला आपटलं.

"आपल्याला मारून पोरगी वाचणार आहे का?" ती ओरडली.

"ताई, मला एक सांग. दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत झुडपं करपली, शेतात टकलं पडली. मी पाय मोडून अंथरुणाला खिळले होते. ती भरलीस कशाने?"

"रोपांनी."

"कुठली रोपं?"

"आपलीच. आपल्याच झुडपांची."

"फाटे लावलेस ना? छाटून?"

ती बाहेर बघायला लागली.

"ताई, फाटे लावलेस ना?"

"बी धरलं आपल्याच झुडपांचं. पेरलं. छान उगवलं. आणि माझ्यावर ओरडू नकोस! आई मवाळ तर पोरी मवाळ, यात चुकीचं काय आहे?"

"अगं पण बाप कोण?" मी स्टिअरिंगवर हात आपटला. "बीमध्ये बापही येतो की! मधमाश्या खालच्या उतारावरून येतात त्या काय तुला विचारून येतात? फाटा लावला की आईच पुन्हा उभी राहते, बी पेरलं की काय निघेल ते देवाला ठाऊक. म्हणून तर आईने जन्मभर शरद आला की गुडघ्यावर बसून फाटे लावले. तुला हे माहीत नाही? तुला?"

"माहीत आहे."

"मग अक्कल काय गहाण टाकली होतीस?"

तिने बाहेरची नजर आत वळवली. मग दोन्ही हात पुढे करून म्हणाली, "ही बोटं बघ. कात्रीसुद्धा धरवत नाही. बोटभर फाटा छाटायचा, खालची पानं काढायची, मातीत दाबायचा. हजारभर वेळा कोण करणार होतं? तू अंथरुणात. मजूर लावला असता तर गावाला कळलं असतं, फेरनांदच्या हातून आता काम होत नाही. बी पेरायला काय, मूठ उघडली की झालं."

तिची बोटं मुळ्यांसारखी वाकडी झालेली मी रोज बघत होते, पण त्यांनी काय होत नाही ते कधी विचारलं नव्हतं. राग होताच, त्यात आता आणखी काहीतरी मिसळलं आणि मी गाडी नुसती पळवत राहिले.

घाटाच्या वरच्या टप्प्यावर वळण घेतलं आणि कचकन ब्रेक मारला. समोर रस्ताभर मेंढ्या. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि मधे लोकरीचा पूर आपल्या चालीने वर चाललेला. इलेरचाच कळप. घंटांचा नुसता कल्लोळ. हॉर्न वाजवायची सोय नाही. घाबरल्या मेंढ्या की पहिली दरीत उडी मारते आणि बाकीच्या तिच्यामागे.

मी खाली उतरले आणि कळपात घुसले. मेंढ्यांच्या पाठींवर हात टेकत, लाथा खात, शिव्या देत पुढे सरकत होते. मोडलेला पाय अजून पुरता धड नव्हता, त्यावर एका एडक्याने शिंग घातलं. कळपाच्या तोंडाशी इलेर काठी खांद्यावर टाकून चालला होता.

"इलेर! सिबिल कुठाय?"

तो वळला, हसला. "अरे, ओनोरीन मावशी! कळप चोरायला आलात की काय?"

"सिबिल कुठाय ते सांग!"

त्याचं हसू मावळलं. "ती गाडीने दुपारीच पुढे गेली. झोपडी साफ करायला. का?"

"आमचं तेल लावू नकोस म्हणावं झोएला. जहाल आहे ते. चूक झाली आमची."

त्याला समजायला वेळ लागला नाही. मेंढपाळाला जहाल तेल काय करतं ते वेगळं सांगावं लागत नाही. खुरांना लावताना त्याचे स्वतःचे हात सोलवटले आहेत. "सकाळपासून खोकतेय ती," तो म्हणाला. "संध्याकाळपर्यंत थांबणार नाही सिबिल."

शेजारी जोसरां म्हाताऱ्याचं कुरण होतं. गवत कमरेएवढं, कापणीला आलेलं, भोवती तार. आमच्याकडे कुणाच्या उभ्या गवतात कळप घालणं म्हणजे त्याच्या घरात शिरून ताट पळवण्यासारखं आहे. त्यावरून पिढ्यान्पिढ्या बोलणं बंद झालेली घरं मी सांगू शकते. इलेरने कमरेची पक्कड काढली आणि तार तोडली. कुत्र्यांना शीळ घातली. सगळा कळप त्या गवतात ओतला गेला आणि रस्ता मोकळा झाला.

"जा!" तो ओरडला. "मी यांना सोडून येऊ शकत नाही. जा तुम्ही!"

त्याचा आवाज फाटला होता. ताईने तोवर गाडी माझ्यापर्यंत आणली होती, वाकड्या बोटांनी गिअर कसा टाकला तिचं तिला ठाऊक.

झोपडीच्या दारातच वास आला. तोच, ओव्याचा.

आत सिबिल झोएला उघडी करून ओल्या फडक्याने पुसत होती. पोरीची छाती सोलल्यासारखी लाल. रडायचा प्रयत्न करत होती, पण रडणं बाहेर येत नव्हतं. श्वास आत घेताना किरकिर आवाज यायचा आणि गळ्याचा खड्डा आत ओढला जायचा. टेबलावर आमची बाटली, टोपण उघडं.

"बाहेर आण तिला! आधी मोकळ्या हवेत!" मी ओरडले. सिबिल तशीच धावत बाहेर आली, फडकं हातातच.

"पाणी लावू नकोस," ताई म्हणाली. "पाण्याने ते जात नाही, पसरतं. दे माझ्याकडे. गोडं तेल आणलंय, तेलात विरघळतं ते, तेलानेच निघेल."

"हात लावायचा नाही!" सिबिलने पोरीला छातीशी घट्ट धरलं. "तुमच्याच तेलाने झालंय हे! आणखी तेल लावणार? लांब व्हा!"

"अगं सिबिल, ऐक तरी," मी म्हणाले. "ताईला माहीत आहे काय करायचं."

"सकाळीही माहीतच होतं ना त्यांना!"

एकेक क्षण जात होता आणि ती किरकिर वाढत होती. मी पुढे सरकले की सिबिल मागे सरकायची. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

ताई आत गेली. परत आली ती आमची बाटली घेऊन. शर्टाची कॉलर खाली ओढली आणि बाटली गळ्यावर उपडी केली. मी किंचाळले. ताई हलली नाही. गळ्यावर तांबडं डबडबून आलं, डोळ्यांतून धारा लागल्या, दातांवर दात. तिने सिबिलच्या हातातलं ओलं फडकं ओढून घेतलं आणि गळ्याच्या एका बाजूला घासलं. तांबडं आणखी पसरलं. मग कोरड्या फडक्यावर ऑलिव्ह तेल ओतून दुसरी बाजू पुसली, फडकं बदलून पुन्हा पुसली. तिथला जाळ चढायचा थांबला, हे तिच्या खांद्यांवरूनच दिसलं.

"बघ," ती म्हणाली. आवाज घोगरा झाला होता. "दोन्ही बाजू बघ आणि दे तिला."

सिबिलने बघितलं आणि पोरीला पुढे केलं.

ताईने आधी हात तेलाने पुसून घेतले, मग पोरीला मांडीवर घेतलं, तोंड वाऱ्याकडे केलं. कोऱ्या फडक्याने, गोड्या तेलाने, छाती, मान, हनुवटीची घडी, बोटांची पेरंसुद्धा. फडकं टाकायची, नवं घ्यायची. जी बोटं कात्री धरू शकत नव्हती ती त्या एवढ्याशा मानेवरून इतकी हळू फिरत होती की मला रडू आलं. मी रडतच सिबिलला पोरीचं वासाचं झबलं लांब भिरकावायला लावलं आणि तिचा स्वतःचा स्वेटरही. मग आम्ही गाडीत बसलो. काचा सगळ्या उघड्या.

उतरताना ताई मागे बसून पोरीच्या तोंडाशी कान लावून ऐकत होती. "येतोय," म्हणायची. "येतोय श्वास. चालव तू." मधेच गप्प व्हायची आणि माझी नजर आरशाकडे जायची. मग पुन्हा, "येतोय." जोसरांच्या कुरणापाशी इलेर रस्त्यात उभा होता. मी थांबले नाही, नुसता हात बाहेर काढून हलवला. आरशात तो गाडीमागे धावताना दिसला, मग कळपाकडे वळून थांबला.

पायथ्याशी रुग्णवाहिका उभी होती. तिथून पोरगी आणि सिबिल रुग्णवाहिकेत आणि आम्ही मागे.

हॉस्पिटलातली डॉक्टरीण तरुण होती, पण कडक. कातडी वरवर भाजली आहे, भरून येईल, म्हणाली. घशाची सूज उतरते आहे, रात्रभर ठेवून घेऊ. तेलाने पुसलंत आणि लवकर खाली आणलंत हे बरं केलंत. मी जागच्या जागी बाकावर बसले. देवा, असं तोंडातून निघालं. मग ती ताईकडे वळली. ताईच्या गळ्यावर तोवर टपोरे फोड उठले होते.

"आणि एक ऐकून ठेवा," ती म्हणाली. "मवाळ असो की जहाल, इतक्या लहान बाळाला हे असलं तेल लावायचंच नसतं. थेंबभरसुद्धा."

"आमच्या आईने जन्मभर दिलं," ताई म्हणाली.

"मग तिचं नशीब चांगलं होतं. आणि त्या बाळांचंही."

एरवी आईवर कुणी असं बोललं असतं तर ताईने त्याला फाडून खाल्लं असतं. त्या दिवशी तिने नुसती मान हलवली. नर्स गळ्याला मलम लावायला आली तर तिला परत पाठवलं.

बऱ्याच वेळाने सिबिल बाहेर आली. हॉस्पिटलचा ढगळ सदरा अंगात, केस विस्कटलेले. झोए झोपली होती. ताई उठून उभी राहिली.

"पोरी," ती म्हणाली, "तुला सगळं सांगते. फाटे लावायच्या जागी बी पेरलं ते मी. पहिली धार चाखून डबा बंद केला तोही मी. ओनोचा यात काही दोष नाही. तू पोलिसांत जा, गावाला सांग, मला जे बोलायचं ते बोल. तुझी काही चूक नव्हती एवढं मात्र लक्षात ठेव."

"होती," सिबिल म्हणाली.

"छे गं! तुझी कसली?"

"मला वास आला होता, मावशी." ती हळूच बोलत होती, आतली पोरगी जागी होईल म्हणून. "टोपण काढलं तेव्हाच आला. नाकाला झोंबला. खुरांना लावतो त्या तेलासारखा. मी टोपण परत लावलंसुद्धा. बाटली बाजूला ठेवली. झोए खोकत होती, तिला घेऊन येरझारा घातल्या. मग बाटलीवर तुमचं नाव दिसलं. म्हटलं, फेरनांद मावशी काही चुकायच्या नाहीत, माझंच नाक चुकत असेल. म्हणून पुन्हा उघडली."

ताईचा हात गळ्यावरच्या फोडांकडे गेला. मी तिचा दंड धरला. सिबिल थोडा वेळ आमच्यासमोर उभी राहिली, मग झोएकडे परत गेली आणि तिने दार लावून घेतलं.